फोमवाले यायच्या आधी

माळ्यावर स्प्रे फोम (दोन रसायनं मिसळून फवारलेला, फुगून घट्ट होणारा इन्सुलेशनचा फेस) मारायचं ठरलं की सगळ्यात आधी आठवायचं ते छपराचं वय. शिंगल्स (छपरावरची डांबरी कौलं) वीस वर्षांच्या असतील तर आधी छप्पर, मग फोम. वाशांच्या मध्ये एकदा बसलेला फोम सहज निघत नाही, खरवडावा लागतो. म्हणून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या जुन्या घराची वरची सगळी दुखणी आधी निस्तरायची. जोराचा पाऊस पडून गेला की टॉर्च घेऊन वर चढा. प्लायवूडवर काळे डाग आहेत का, खिळ्यांची टोकं गंजलीत का, बघा. लाकडातली ओल मीटरने मोजा. 19 टक्क्यांच्या वर गेली तर काम पुढे ढकला. आम्ही चढलो तेव्हा बाथरूमच्या पंख्याचा पाइप माळ्यावरच उघडा पडलेला सापडला. म्हणजे इतकी वर्षं आमच्या आंघोळीची वाफ छपरालाच मिळत होती! त्याचं तोंड आधी घराबाहेर काढून घेतलं.

जमिनीवरच्या जुन्या इन्सुलेशनमध्ये अभ्रकासारखे चमकणारे करडे-सोनेरी खडे दिसले तर हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या या मालात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असायचं, आणि ती खाण 1990 पर्यंत चालू होती. चिनी मातीच्या गोट्यांवरून गेलेली जुनी वायरिंग असेल तर इलेक्ट्रिशियन आधी, फोम नंतर.

कोटेशन घेताना ओपन सेल (मऊ, सच्छिद्र फोम) की क्लोज्ड सेल (कडक, बंद बुडबुड्यांचा), हे लिहून मागा. ओपन सेलची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवायची ताकद, इंचाला साधारण साडेतीन, क्लोज्डची सहा ते सात. साडेपाच इंचांच्या वाशात क्लोज्डची आर-व्हॅल्यू जवळजवळ दुप्पट भरते. किंमतही तशीच चढते. माझं मत छपराखाली क्लोज्डला, कारण ओपन सेल पाणी शोषतो. पण क्लोज्ड एकदम जाड मारू देऊ नका. फोम फुगताना तापतो, जाड थर आतून करपू शकतो, म्हणून थर साधारण दोन इंचांचे आणि मध्ये थंड व्हायला वेळ. फोम जळतो, तेव्हा त्यावर आगरोधक लेप की शीटरॉक (जिप्समचा बोर्ड), हेही कागदावर असू द्या.

तळघरातला गॅसचा वॉटर हीटर घरातलीच हवा ओढत असेल तर प्लंबरला दाखवा. घर घट्ट झाल्यावर धूर उलटा आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि स्वयंपाकघर! आमची चिमणी हवा गाळून पुन्हा घरातच सोडणारी होती. पूर्वी फटींमधून निघून जाणारा फोडणीचा ठसका आता पडद्यांत मुक्काम करणार, हे ओळखून बाहेर सोडणारी बसवली. तरी ताजी हवा आत यायची सोय वेगळी विचारा.

कामाच्या दिवशी माळा रिकामा हवा. दिवाळीचे आकाशकंदील, सुटकेसा, सगळं खाली. हीटिंग-कूलिंग बंद, त्याची तोंडं प्लास्टिकने बंद. ओल्या फोममधलं आयसोसायनेट हे रसायन दम्याला कारण ठरतं; मारणारे स्वतः हवेच्या नळीचा मास्क घालतात, तेव्हा "खालच्या खोलीत बसू की" म्हणणाऱ्या आईबाबांनाही बाहेर न्या. किमान 24 तास, किंवा कंपनी लिहून देईल तितके. थंडीत करू नका, गार लाकडाला फोम नीट चिकटत नाही.

फोम मारण्याआधीचे वाशांचे फोटो जपून ठेवा. ब्रिटनमध्ये कित्येक बँका फोम मारलेल्या छपराच्या घरावर कर्ज द्यायला कां-कूं करतात, कारण सर्व्हेयरला लाकूड दिसत नाही. विकताना हेच फोटो कामी येतील. परत आल्यावर वर जाऊन वास घ्या. घरात मासे केले नसताना मासळीचा वास टिकून राहिला, तर दोन रसायनांचं प्रमाण चुकलंय. तेवढा भाग कापून नवा मारून घ्या. शेवटचा चेक तोवर खिशातच.