क्लेमेंटेला भेटायला जाताना

पिट्सबर्गला आलात आणि इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाकडून खेळलेल्या रोबेर्तो क्लेमेंटेची आठवण जागवायची असेल, तर बेसबॉल सामन्याचा दिवस निवडा. त्या दिवशी त्याच्या नावाचा पिवळा पूल गाड्यांना बंद असतो, तेव्हा डाउनटाउनकडून चालतच या. पूल उतरलात की त्याचा पुतळा दिसेल. मी दरवर्षी लेकीला घेऊन जाते, पायाशी दोन फुलं ठेवते. मग आत स्टेडियममध्ये जाऊन राइट फील्डची, म्हणजे बॅटरसमोरच्या मैदानाच्या उजव्या भागाची भिंत बघा. तो राइट फील्डलाच खेळायचा. भिंतीची उंची 21 फूट, कारण त्याच्या जर्सीचा नंबर 21.

सोबत मुलं असतील तर पुढचं सावकाश सांगा. 1972च्या सप्टेंबरात त्याने 3000वा हिट, म्हणजे यशस्वी फटका, मारला. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आलं, म्हणून 31 डिसेंबरला तो स्वतः मदत घेऊन विमानात बसला. विमान त्याच्या मायभूमीजवळच, पोर्तो रिकोजवळ, समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडलाच नाही. माझ्यासाठी हा पुतळाच त्याची समाधी.

15 सप्टेंबरला त्याच्या स्मरणाचा दिवस असतो, खेळाडूही 21 नंबर घालतात. जमलं तर तेव्हाच या. शहराच्या लॉरेन्सव्हिल भागातलं त्याचं संग्रहालय बघायचं असेल, तर वेळ आधी ठरवून घ्या.