चैत्रांगण लिनोवर कोरताना

आमच्या वाईच्या घरी आजी चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज सकाळी चैत्रांगण काढायची. शेणानं सारवलेली जमीन, त्यावर गेरूचा चौकोन आणि वर रांगोळीची पांढरी रेघ. मी आता ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहते, दाराबाहेर दोन फरशांची जागा आहे. म्हणून तेच चैत्रांगण लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ, सपाट तुकड्यावर कोरून त्याचा ठसा कागदावर छापायला शिकले. लिनोत जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं राहतं, उरलेल्या भागाला शाई लागते. रेघा तेवढ्या कोरायच्या आणि शाई गेरूच्या रंगाची करायची, की सारवलेलं अंगण आपोआप उमटतं.

चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात राखाडी लिनो मिळतो. पहिल्यांदा वीतभर चौकोन पुरे. विकत घेताना कोपरा किंचित वाकवून बघा. मला एकदा जुना, वाळलेला तुकडा मिळाला होता, तो कोरताना कडेनं तुकडे उडत होते. सोबत ‘व्ही’ आणि ‘यू’ तोंडाच्या पटाशा, रबरी रोलर आणि काचेचा एक तुकडा घ्या.

चित्र आधी बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं काढा. मधोमध झोपाळ्यातली गौर, बाजूला तुळशीवृंदावन, शंख, चक्र, कासव, गोपद्मं, फणी-करंडा. सगळंच पहिल्या ठोकळ्यात कोंबू नका, पाच-सहा चिन्हं मोकळी बसू द्या. मग कागद पालथा घालून लिनोवर ठेवा आणि चमच्याच्या पाठीनं घासा. ही पायरी चुकवू नका. मी चित्र थेट लिनोवर काढलं होतं. पहिल्या छापाचा फोटो आईला पाठवला, तर तिचा लगेच फोन: “अगं, स्वस्तिक उलटं आलंय!” छाप आरशासारखा उलटतो. लिनोवर स्वस्तिक उलटं दिसलं, तरच कागदावर सुलटं येतं.

कोरण्याआधी लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवा, म्हणजे मऊ पडतो. पटाशी आडवी धरा, साधारण मिलिमीटरभर खोल जाऊ द्या. मागचं तागाचं कापड दिसलं तर फार खोल गेलात. दुसरा हात कायम पटाशीच्या मागे, पात्याच्या वाटेत कधीच नाही. वळणावर मनगट फिरवू नका, लिनोच फिरवा. शंखाचं वळण त्याशिवाय गोल येत नाही.

आजीची रेघ चिमटीच्या दाबावर जाड-बारीक व्हायची, शेवटाला निमुळती होत संपायची. ‘व्ही’ पटाशी अगदी तशीच वागते: दाबलं की रेघ रुंद, हात हलका केला की बारीक. हे कळलं तेव्हा मी तासभर नुसत्या गोपद्मांच्या रेघा टाकत बसले होते. तुम्हीही एका टाकाऊ तुकड्यावर आधी हा सराव करा. ठिपक्यासाठी पटाशीचं टोक टेकवून लिनो गोल फिरवायचा.

शाई तेलाची घ्या. तपकिरीत थोडा लाल मिसळत गेरूपर्यंत या, वाळलेल्या गेरूचा खडा शेजारी ठेवला तर रंग लवकर सापडतो. काचेवर पातळ पसरा. रोलरखाली बारीक चरचर ऐकू आली की शाई बरोबर झाली. पचपच आवाज येत असेल तर जास्त आहे, आणि जास्त शाईनं बारीक रेघा बुजतात. मग तोच रोलर कोरलेल्या ठोकळ्यावर फिरवून शाई लावा.

कागद पातळ हातकागद घ्या. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, मी तिथून आणते. ठोकळ्यावर कागद अलगद टेकवायचा, मग हलवायचा नाही. लाकडी डावाच्या पाठीनं मधून कडेकडे गोल गोल घासा. एक कोपरा उचलून बघा, फिका वाटला तर तिथे पुन्हा घासा. नवा ठोकळा पहिल्या दोन-तीन छापांना शाई पितो, ते फिकेच येतात. चौथ्यापासून गेरू भरतो.

छाप दोरीला चिमट्यांनी लावून चार दिवस वाळू द्या. ठोकळा आणि रोलर गोड्या तेलानं पुसून मग साबण लावा. मी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्ह्याबरोबर एकेक छाप देते, तेव्हा तृतीयेच्या किमान आठवडाभर आधी छापायला बसते.