माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना आधी मागणी, मग कहाणी

माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलं की पहिल्यांदा रागच कागदावर उतरतो. खड्डे, कंत्राटदार, तीन पावसाळ्यांची रडकथा. महाराष्ट्रात २०१२ पासूनचा नियम मात्र सांगतो: अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत. म्हणून मी आता उलटीकडून लिहितो.

१. आधी फक्त हवे ते कागद, एका ओळीत एक. 'रस्ता का उखडला?' असं नाही, तर 'कार्यादेशाची प्रत', 'मोजमाप पुस्तिकेतील नोंदींची प्रत', 'अंतिम देयकाची प्रत'. 'का'चं स्पष्टीकरण देणं सरकारी कार्यालयावर बंधनकारक नाही, दप्तरी असलेला कागद दाखवणं आहे.

२. मग वर विषय आणि कालावधी: '१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४'. 'गेली काही वर्षं' लिहिलंत की आयती पळवाट दिलीत.

३. कहाणी सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. माझी दरवेळी खोडलीच जाते, आणि अडत काहीच नाही.

विषय दोन असतील तर अर्जही दोन, प्रत्येकी १० रुपये भरून. आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका; उत्तरासाठीचे ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात.