पब्लिक पार्कात देशोदेशींच्या बागा करायच्यात? आधी नळ कुठंय ते बघा

आम्ही अमेरिकेत, उत्तर ओहायोत राहतो, आणि गावच्या पार्कात आम्ही काही घरं मिळून चार वर्षं भारताचा एक छोटासा तुकडा सांभाळतोय, शेजारी मेक्सिकोवाल्यांचा आणि पलीकडे पोलंडवाल्यांचा. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतं की आमच्या गावातही असं करायचंय, सुरुवात कुठून करू, तर आता एकदाच सगळं लिहून टाकते म्हणजे फोनवर तास तास बोलायला नको.

जवळपास असाल तर आधी एक दिवस काढून क्लीव्हलँडच्या कल्चरल गार्डन्स बघून या. रॉकफेलर पार्कात डोन ब्रूक नावाचा ओढा आहे, त्याच्या दोन्ही अंगांनी या बागा पसरल्यात. १९१६ मध्ये शेक्सपिअरच्या नावाने तिथे एक बाग झाली, मग लिओ वायडेन्थाल नावाच्या पत्रकाराच्या डोक्यात आलं की शहरात एवढ्या देशांचे लोक राहतात तर त्यांच्याही बागा का नकोत, आणि १९२६ मध्ये हिब्रू गार्डन झाली. आज तीसच्या वर बागा आहेत, भारताचीही आहे, गांधीजींचा पुतळा आहे तिथे. पण पुतळे बघून परत येऊ नका, कारभार कसा चालतो ते बघा: जागा शहराची, प्रत्येक बागेमागे त्या त्या समाजाचे लोक, आणि सगळ्यांची मिळून एक फेडरेशन. नंतरच्या काळात, म्हणजे साधारण १९६०-७० च्या सुमारास, बरीच कुटुंबं उपनगरांत निघून गेली आणि बागांची रयाच गेली, पुतळ्यांचीही मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या. बाग करणारे लांब गेले की काय होतं ते तिथे दिसतं. म्हणून तुमच्या यादीत उद्घाटनाला येणारे पन्नास जण असले तरी चालतील, पण पार्कापासून दहा मिनिटांत राहणारी निदान सहा घरं हवीतच.

पार्क डिपार्टमेंटशी बोलताना गोड बोलून परवानगी मिळते हो, पण ती लेखी घ्या. झाडं कोणाची, पाणी कोणाचं, तण कोण काढणार, आम्ही सोडून गेलो तर पुढे काय, व्हॉलंटिअरला लागलं-खुपलं तर जबाबदारी कोणाची, हे सगळं एका कागदावर. आमच्याकडे पहिल्या वर्षी तोंडी ठरलं होतं, आणि जूनमध्ये गवत कापणाऱ्या माणसाने आमच्या तेरड्याच्या कोवळ्या रोपांवरून मशीन फिरवलं. त्याची काय चूक, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता नळ. शंभर चौरस फुटांच्या वाफ्याला आठवड्याला एक इंच पाणी द्यायचं म्हटलं तर साधारण २३५ लिटर लागतं, म्हणजे दहा लिटरची झारी चोवीस वेळा. एकदा हौसेने होईल, जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला होणार नाही. होज पाइप पोचत नसेल तर ती जागा कितीही सुंदर असो, सोडून द्या. आणि कुदळ मारायच्या आधी ८११ ला फोन करा, फुकट असतं, ते येऊन जमिनीखालच्या गॅस, विजेच्या लाइनी मार्क करून जातात. ओहायोत निदान दोन वर्किंग डे आधी कळवावं लागतं, म्हणजे शनिवारी खणायचंय तर गुरुवारी रात्री आठवून उपयोग नाही.

झाडांवर मात्र सगळ्यांची भांडणं होतात. आमच्या पहिल्या मीटिंगला एकाला आंबा हवा होता (इथे! बर्फात!), एकीला मोगरा, एका काकांना वड. शेवटी आम्ही तीन याद्या केल्या. पहिली, जे इथल्या हिवाळ्यात जमिनीतच जगतं: हिमालयातली झाडं इथे कामाला येतात, पाषाणभेद मस्त जगतो, हिमालयन जिरेनियमही. दुसरी, जे एका उन्हाळ्यापुरतं लावायचं: तुळस, झेंडू, तेरडा. तिसरी, जे खणून किंवा कुंडीसकट घरात न्यायचं: कर्दळ, अळू, मोगरा. आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत थंडीचा भरवसा नसतो, त्यामुळे दुसऱ्या यादीला मेच्या शेवटाशिवाय हात लावत नाही, ईस्टरला ऊन पडलं म्हणून कितीही हात शिवशिवले तरी. तेव्हा पेरलेला तेरडा गौरी-गणपतीच्या सुमाराला फुलतो आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण इथे जन्मलेल्या पोरांना आयतीच दाखवता येते.

कधी कधी हट्टाचं झाड नीट निवडूनही फसतं. आम्हाला भूर्जपत्राचं झाड हवंच होतं, जुन्या पोथ्या ज्याच्या सालीवर लिहायचे ते. थंडी त्याला अजिबात बाधत नाही, पण अमेरिकेत बर्चच्या खोडात शिरणारा एक भुंगेरा आहे, ब्रॉन्झ बर्च बोरर, त्याला ही पांढऱ्या सालीची हिमालयी जात फार आवडते. मग आम्ही इथलाच रिव्हर बर्च लावला, त्याला तो किडा सहसा लागत नाही आणि सालही तशीच कागदासारखी सुटते. पाटीवर सरळ लिहिलंय की हा भूर्जाचा इथला चुलतभाऊ आहे. लोकांना ती पाटीच जास्त आवडते.

बिया मात्र बॅगेत लपवून आणू नका प्लीज, आजीने दिल्या असल्या तरी. बियांना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो, आणि कढीपत्त्याची रोपं तर विषयच नको, लिंबू-संत्र्यांचा रोग पसरवणारा किडा त्यांच्यावर वाढतो. तुळस, तेरडा, झेंडू सगळ्यांच्या बिया इथे ऑनलाइन मिळतात.

डिझाइनमध्ये आमचं एकच डोकं चाललं, ते म्हणजे पार. कमानी, घुमट वगैरेंचा खर्च ऐकून सगळे गप्प झाले, मग कोणीतरी म्हणालं की गावात झाडाखाली पार असतो तसा करूया, लोक बसतील तरी. कल्पना भारी, पण इथे एक सांभाळा: खोडाला चिकटून माती किंवा दगड रचले तर मुळांना हवा मिळत नाही, खोड कुजतं, आणि झाड चार-पाच वर्षांत हळूहळू मरतं. आम्ही बुंध्यापासून चार फूट सोडून गोल बाक केला, आतल्या जागेत दोन-तीन इंच लाकडाचा भुसा, तोही खोडापासून लांब. बाकाखाली पाया खणला नाही, नुसते सपाट दगड ठेवले, म्हणजे मुळं तुटत नाहीत.

शेजारच्या देशांशी जुळवून घ्या, फार मजा येते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं, दसऱ्याला तोरणं लावत मोठे झालो आपण! मेक्सिकोवाल्यांना तो १-२ नोव्हेंबरला पितरांसाठी हवा असतो आणि तोवर इथे थंडीने झेंडू काळा पडलेला असू शकतो, आम्हाला दसऱ्याला हवा असतो. म्हणून दोन्ही तुकड्यांच्या हद्दीवर एकच लांब वाफा केलाय, दसऱ्याला आम्ही अर्धी फुलं तोडतो, आणि कडाक्याची थंडी येणार म्हटलं की ते बाकीची तोडून सुकवून ठेवतात. हद्दीवरचं तणही दोघं मिळून काढतो, हा त्यातला खरा फायदा.

पाट्यांवर देवनागरी असेल तर छापण्याआधी प्रूफ स्वतः बघा. आम्ही गेटच्या बोर्डसाठी प्रत्येक भाषेत एक ओळ दिली होती, आपली होती "मित्रांची बाग". दुकानदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर तुटलं, आणि बोर्डावर मि, मग एक लंगडा त, आणि पुढे ठळक "रांची बाग". झारखंडचा एक मुलगा इतका खूश झाला म्हणून सांगू. तेव्हापासून आम्ही अक्षरांचं चित्र करूनच फाइल पाठवतो.

ऑक्टोबरच्या मध्याला एक शनिवार फक्त आवराआवरीचा ठेवा. पहिल्या कडक थंडीने कर्दळ-अळूची पानं काळी पडली की वरून कापायची, काट्याच्या कुदळीने कंद सावकाश उचलायचे, दोन दिवस सावलीत वाळवून खोक्यात कोरड्या भुशात घालून बेसमेंटमध्ये, बर्फ होणार नाही अशा जागी ठेवायचे. खोकी चार घरांत वाटा, एकाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तर सगळं जायला नको. आणि अळूच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा, "बागेचं आहे, खायचं नाही", कारण हे वाक्य लिहिलेलं नव्हतं त्या वर्षी मार्चमध्ये एका घरी त्या कंदांची भाजी झाली होती.