वरच्या लेआऊटचं पाणी आमच्या घरात येणार होतं, ते कसं थांबवलं

आमच्या वरच्या अंगाला मोकळी जमीन होती, तिथे प्लॉट पाडायचा प्रस्ताव प्लॅनिंग बोर्डाकडे आला. पहिल्या सुनावणीत मी नुसता तावातावाने बोललो, गर्दी होईल, झाडं जातील वगैरे, आणि कुणी काही लिहून पण घेतलं नाही. फार वाईट वाटलं. नंतर कळलं की बोर्ड प्रस्ताव नियमात बसतो का ते बघतं, त्यामुळे नेमकी त्रुटी दाखवावी लागते.

मग नकाशाची कॉपी घेतली आणि कंटूरच्या रेषा, म्हणजे जमिनीची सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा, पेन्सिलने गिरवत बसलो. आकडे आमच्या कुंपणाकडे उतरत होते, आणि रस्त्याकडेचं गटार नेमकं आमच्या कोपऱ्यावर येऊन संपलेलं, पुढे काहीच नाही! हिशोब साधाय, १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, तर १,००० चौरस मीटर छपरं नि डांबरावर ५० मिमी पडला की जवळपास ५०,००० लिटर, जे आधी बरंचसं मातीत मुरायचं.

हेच एका पानावर लिहिलं, त्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्याचे फोटो जोडले आणि मुदतीत लेखी हरकत दिली. पुढच्या सुनावणीत प्लॉट पाडणाऱ्यांच्या इंजिनिअरला तोच प्रश्न विचारला गेला, आणि साठवण तळं करायचं, गटार नाल्यापर्यंत न्यायचं या अटीवरच मंजुरी मिळाली. अट मंजुरीच्या कागदावर आलीय ना हे स्वतः वाचा, तोंडी आश्वासनावर अजिबात राहू नका, आणि तळ्यातला गाळ पुढे कोण काढणार तेही लिहून घ्या, आमचं ते राहिलंच होतं, अगदी शेवटी घालून घेतलं.