दोघांनी मिळून बँकेत जाण्याआधी

एखादा रविवार मोकळा ठेवा आणि घरातली सगळी पासबुकं, चेकबुकं, डेबिट कार्डं, एफडीच्या पावत्या एका टेबलावर काढा. नवराबायको दोघांनीही बसायचं, कारण बँकेच्या बहुतेक सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत आणि एकाला मिळालेली सवलत दुसऱ्याला ठाऊक नसेल तर गरजेच्या वेळी ती वाया जाते.

आधी जुनी खाती शोधा. कॉलेजात स्कॉलरशिपसाठी उघडलेलं, पहिल्या नोकरीचं, माहेरच्या गावातलं. दोन वर्षं तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती परत मिळते, पण हेलपाटे पडतात. जे लागणार नाही ते बंद करा, जे ठेवायचं त्याचं केवायसी करून घ्या.

त्यातच नावांचं बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं आणि पासबुकात मधलं नाव वडिलांचं, असं घरोघरी असतं. एरवी अडत नाही, विम्याचा दावा करताना नेमकं अडतं. नाव बदलायचं की नाही हा तिचा प्रश्न, मात्र जे ठेवाल ते सगळीकडे एकच असू द्या. बदलायचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत बरोबर घ्या.

आता पगाराचं खातं, आणि इथे जरा वेळ द्या. पगार जमा होतो म्हणून ते पगार खातंच असेल असं गृहीत धरू नका. शिक्षक, पोलीस, शासकीय आणि मोठ्या कंपन्यांतले कर्मचारी यांच्यासाठी बँकांची पगार पॅकेजं असतात आणि त्यांत कुठलाही हप्ता न भरता मोठ्या रकमेचा अपघात विमा मिळतो. पण खात्याची नोंद त्या पॅकेजखाली झालेली असावी लागते. साध्या बचत खात्यात वर्षानुवर्षं पगार येत राहिला तरी ही नोंद आपोआप होईलच असं नाही. ओळखपत्र आणि पगारपत्रक घेऊन जा, अर्ज द्या आणि खात्याचा प्रकार बदलल्याचं लेखी किंवा ॲपमध्ये दिसेपर्यंत पाठ सोडू नका. नोकरी बदलून पगार दुसरीकडे जाऊ लागला की काही महिन्यांत जुनं खातं साधं होतं, विमा संपतो आणि मिनिमम बॅलन्सची अट लागू होते, हेही ध्यानात असू द्या.

डेबिट कार्डावरच्या अपघात विम्याला वेगळी अट असते. अपघाताच्या आधीच्या ठरावीक दिवसांत त्या कार्डाने एखादा व्यवहार झालेला असावा लागतो. हल्ली सगळं यूपीआयवर चालतं आणि कार्डं कपाटात पडून राहतात. दोघांनीही महिन्यातून एकदा किराणा किंवा पेट्रोल कार्डावर घ्या.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण देतो, वय 18 ते 70. जीवन ज्योती हा आयुर्विमा 436 रुपयांत 2 लाखांचा, वय 18 ते 50. पुष्कळांना वाटतं की जॉइंट खात्यावर एकालाच घेता येतो. तसं नाही. खात्यातले दोघेही आपापला अर्ज भरून सामील होऊ शकतात. वर्षाला 912 रुपयांत दोघांचं दोन्ही होतं. मात्र एका माणसाला एकाच खात्यातून घेता येतो, त्यामुळे दोन बँकांत हप्ता कापला जात असेल तर एक बंद करा.

जॉइंट खातं उघडताना पहिलं नाव कोणाचं, हे घाईत ठरवू नका. व्याजाची नोंद आणि टीडीएस, म्हणजे बँकेने व्याजातून आधीच कापलेला कर, पहिल्या नावाच्या पॅनवर पडतो. नवऱ्याने आपले पैसे बायकोच्या नावावर ठेवले तरी त्यांचं व्याज प्राप्तिकरात त्याच्याच उत्पन्नात धरलं जातं, त्या मार्गाने कर वाचत नाही. ठेव विम्याला, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणाऱ्या संरक्षणाला, मात्र नावांच्या क्रमाने फरक पडतो. फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा आहे. त्याचं एकट्याचं, तिचं एकटीचं, त्याचं नाव आधी असलेलं जॉइंट आणि तिचं नाव आधी असलेलं जॉइंट हे चार वेगळे हक्क मानले जातात, म्हणजे एकाच बँकेत जोडप्याचे 20 लाखांपर्यंत सुरक्षित राहू शकतात. 2019 साली पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र) या सहकारी बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा अवघी 1 लाख होती. सहकारी बँकेत पैसे असलेल्यांनी ही विभागणी जरूर करावी. पतसंस्थेतल्या ठेवींना मात्र हा विमा मुळीच नाही, तिथला अर्धा टक्का जास्तीचा व्याजदर बघताना हे विसरू नका.

खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं आहे ना, ते पासबुकाच्या पहिल्या पानावर बघा. एफडी जॉइंट असेल तर, एकाच्या पश्चात दुसऱ्याला ती मुदतीआधी मोडता यावी, असं संमतीपत्र दोघांच्या सह्यांनी आजच देऊन ठेवा. ते नसेल तर बँक वारसांच्या संमत्या मागते, आणि पैशाची गरज तर त्याच आठवड्यात असते. नॉमिनी 1 नोव्हेंबर 2025 पासून चारपर्यंत देता येतात. लग्नाआधीच्या खात्यांवर अजून आई किंवा वडीलच नॉमिनी असतील तर कोणाचं नाव ठेवायचं हे मोकळेपणाने बोलून ठरवा.

बचत खात्यात रक्कम नुसती पडू देऊ नका. स्टेट बँकेचा बचतीचा दर जून 2025 पासून 2.50 टक्के आहे, म्हणजे लाखाला वर्षाचे अडीच हजार. ऑटो स्वीपचा अर्ज दिला की ठरलेल्या मर्यादेवरची रक्कम आपोआप एफडीत जाते आणि लागेल तेव्हा परत येते. एकाचं दुकान किंवा पोळीभाजी केंद्र असेल तर त्याच्या चालू खात्यावर व्याज मिळत नाही, म्हणून धंद्याला लागेल तेवढंच तिथे ठेवा. मिनिमम बॅलन्सचा जाच असेल तर स्टेट बँकेसारख्या त्यासाठी दंड न आकारणाऱ्या बँका आहेतच. काही खासगी बँका नवराबायकोची खाती एका कुटुंब गटात जोडून एकत्रित शिल्लक धरतात आणि लॉकरच्या भाड्यातही सूट देतात, ते काउंटरवर विचारा.

सगळं झालं की एका कागदावर बँक, शाखा, खात्याचा प्रकार, त्यावरचा विमा आणि दावा कुठे करायचा एवढं लिहा. पिन आणि पासवर्ड त्यावर नकोत. विम्याच्या दाव्याला मुदत असते, म्हणून हा कागद मोठ्या मुलाला किंवा एखाद्या विश्वासू नातेवाइकालाही दाखवून ठेवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, सुरक्षा आणि जीवन ज्योती विम्याचे हप्ते कापले जातात तेव्हा, खात्यात निदान हजार रुपये राहू द्या. जून उजाडला की पासबुक भरून आणा आणि 20 व 436 च्या नोंदी दोघांच्याही नावे दिसतात का ते तपासा. नसतील तर दुसऱ्याच दिवशी शाखा गाठा.