दिवाडीचा हिरवा काही केल्या बसेना

सहा बाय चार फुटांचा कॅनव्हास, विषय गोव्यातल्या दिवाडी बेटाची पावसाळी खाजन शेतं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली. जुन्या गोव्याच्या फेरीतून तीनदा जाऊन स्केचेस केली, तरी घरी रंगवलेलं शेत प्लास्टिकच्या गवतासारखं दिसायचं. ट्यूबमधला व्हिरिडियन हा गडद हिरवा तसाच थापला होता, दुसरं काय!

मोबाइलवर चित्राचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला आणि चूक दिसली: जवळचं शेत आणि लांबचा बांध एकाच करड्या रंगाचे. मग ओला थर नाइफने खरवडला, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला आणि बर्न्ट सिएन्नाचा पातळ हात दिला. चिऱ्याची ओली भिंत असते ना, तसा रंग. तो वाळल्यावर अल्ट्रामरीन निळा आणि यलो ऑकर हा मातकट पिवळा मिसळून केलेला हिरवा वर सुटा सुटा लावला. मधूनमधून डोकावणाऱ्या तांबड्यामुळे हिरवा शांत झाला. लांबच्या बांधाला थोडा पांढरा, थोडा निळा. मानशीजवळचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचं पाणी मात्र अजून मनासारखं नाही.

दमट हवेने कॅनव्हास सैल पडला होता, तो वेगळाच ताप. फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलकेच ठोकल्या, पुन्हा ताणला गेला. सुकायला ऑगस्ट उजाडेल बहुतेक.